पोटातल्या जिवाणूंची तपासणी: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग असो, सुदामानगर असो की वैशालीनगर, साखर-थायरॉइडच्या रिपोर्टांबरोबर आता घरात एक रंगीत जाडजूड फाइलही येऊ लागली आहे. हिरवे-पिवळे-लाल पट्टे, लॅटिन नावं, आणि शेवटच्या पानावर कंपनीच्याच पावडरीची शिफारस. मी पॅथॉलॉजीच्या कामातली असल्यामुळे लोक ती फाइल माझ्यापुढे उघडून ठेवतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. माझा कल आधीच सांगते: ज्या तपासणीचं उत्तर काहीही आलं तरी पुढचं पाऊल तेच राहणार असेल, तिच्यावर पैसे घालू नयेत. खालचं सगळं याच एका कसोटीवर घासून बघा.

मायक्रोबायोम टेस्टमध्ये, म्हणजे पोटातल्या जिवाणूंच्या तपासणीत, नेमकं काय तपासतात?

शौचाच्या नमुन्यातला डीएनए. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. (‘जिवाणू आपल्या पेशींच्या दहापट’ हे वाक्य अजून व्हॉट्सॲपवर फिरतं, ते जुनं झालं.) या जिवाणूंतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात आणि त्यांचा काही भाग रोज शौचातून बाहेर पडतो.

तपासणीच्या दोन पद्धती आहेत. सोळा-एस पद्धतीत जिवाणूंमधलं फक्त एक जनुक वाचतात. ती स्वस्त, पण जिवाणूचं कुळ कळतं, नेमकी प्रजाती खात्रीने कळत नाही. दुसरी शॉटगन पद्धत. तिच्यात नमुन्यातला सगळा डीएनए वाचतात, प्रजाती कळतात, त्यांच्याकडे कोणती जनुकं आहेत हेही कळतं, आणि बिल वाढतं. रिपोर्टवर यातली कोणती पद्धत वापरली ते लिहिलेलं नसेल, तर पुढे वाचण्यात फारसा अर्थ नाही.

एक मर्यादा दोन्हींना लागू. डीएनए जिवंत जिवाणूचा की मेलेल्याचा हे त्यातून कळत नाही. आदल्या दिवशी खाल्लेल्या दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसचा डीएनएही त्यात दिसू शकतो.

पोट सतत बिघडलेलं असतं. सुरुवात याच टेस्टने करू का?

नको. २०२४ च्या अखेरीस या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सहमतीने जे निवेदन काढलं, त्यात ही तपासणी डॉक्टरांनी कारण असेल तर सांगावी, लोकांनी आपणहून मागवू नये, अशी भूमिका घेतली आहे. तपासणी करणाऱ्या कंपनीनेच औषध-आहाराचा सल्ला देऊ नये, असंही त्यात आहे. शेवटच्या पानावरच्या पावडरीचा निकाल तिथेच लागला.

आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, शौचाची साधी तपासणी आणि पुढे दिलेल्यांपैकी एखादी. या जुन्या, बिनचमकदार तपासण्या आहेत. पण त्यांच्या उत्तरावर डॉक्टर काहीतरी वेगळं करतात.

कॅल्प्रोटेक्टिन म्हणजे काय? डॉक्टरांनी ती लिहून दिली आहे.

मग जरूर करा, या यादीतली ही मला सगळ्यात उपयोगी वाटते. आतड्याला सूज असली की तिथे पांढऱ्या पेशी जमतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. मोठ्या माणसात ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली आलं तर सुजेचा आजार असण्याची शक्यता बरीच कमी, आणि आयबीएसकडे, म्हणजे आतड्याचं काम बिघडलंय पण रचना शाबूत आहे अशा त्रासाकडे, लक्ष वळवता येतं. अनेकांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) या एका आकड्यामुळे टळते. २००-२५०च्या वर गेलं तर मात्र पुढचा तपास लांबवू नये. मधल्या आकड्यांना बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

पण आकडा वाढला म्हणजे कोलायटिसच, म्हणजे मोठ्या आतड्याचा सुजेचाच आजार, असं नाही. गुडघेदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी तो वाढतो. पित्ताच्या गोळ्यांनी वाढतो. पावसाळ्यातल्या साध्या जुलाबातही वाढतो. आणि आपल्या देशात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही: आतड्याचा क्षयरोग. तो क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजारासारखाच दिसतो, कॅल्प्रोटेक्टिन दोन्हींत वाढतं, आणि उपचार मात्र अगदी उलटे; एकात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, दुसऱ्यात ती दिली तर घात. त्यामुळे हा आकडा इंटरनेटवर टाकून स्वतःच निदान करू नका.

गहू सोडल्यावर बरं वाटतं. मला सिलियाक आहे का?

सिलियाक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यालाच इजा करते तो आजार. त्याची तपासणी गहू खात असतानाच करायची असते, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. कुणीतरी सांगतं, गहू सोडा; घरात ज्वारीची भाकरी सुरू होते; तीन महिन्यांनी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी होते आणि ती निगेटिव्ह येते. गहूच पोटात नाही तर त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं खाली येणारच. रोज एकाहून जास्त जेवणांत, निदान सहा आठवडे गहू खाऊन मग रक्त द्यावं. सोबत एकूण आयजीए (प्रतिद्रव्यांचा एक प्रकार) हेही मोजून घ्या, कारण ते जन्मतः कमी असलेल्या माणसात ही टेस्ट खोटी निगेटिव्ह येते.

सिलियाक उत्तर भारताच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात जास्त सापडतो. माळव्यात दाल-बाफला आणि शरबती गव्हाच्या पोळ्यांवर वाढलेल्या घरात कारण न कळणारा ॲनिमिया, किंवा मुलाची खुंटलेली उंची असेल, तर ही शंका जरूर घ्यावी. आणि गहू सोडून बरं वाटणाऱ्या सगळ्यांनाच सिलियाक नसतो. गव्हातल्या फ्रुक्टॅन नावाच्या साखरसाखळीने गॅस होणारे पुष्कळ असतात. कांदा-लसणातही तीच असते.

दुधाची शिकंजी प्यायली की तासाभरात पोट गुडगुडतं. त्यासाठी जिवाणूंची टेस्ट?

त्यासाठी हायड्रोजन ब्रेथ टेस्ट आहे. उपाशीपोटी ठरावीक लॅक्टोज पाण्यातून देतात आणि तीनेक तास थोड्या थोड्या वेळाने फुंकर मारायला लावतात. न पचलेली दुधाची साखर मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळाली की ते हायड्रोजन सोडतात. सुरुवातीच्या पातळीपेक्षा तो २० पीपीएम (दहा लाखांत वीस भाग) किंवा जास्त चढला तर टेस्ट पॉझिटिव्ह. मिथेनही मोजत असतील तर उत्तम, कारण काहींच्या पोटात हायड्रोजन खाऊन मिथेन करणारे सूक्ष्मजीव असतात.

टेस्टच्या आधी चार आठवडे अँटिबायोटिक नको, आदल्या दिवशी डाळी, कांदा, फळं नकोत. त्या सकाळी तंबाखू-सिगारेटही नाही.

खरं तर बहुतेकांना या टेस्टचीही गरज पडत नाही. दोन आठवडे दूध बंद करून बघा, मग सुरू करून बघा. लॅक्टोज न पचणाऱ्यालाही एक कपभर दूध जेवणाबरोबर बहुधा सोसतं, ताक तर आरामात. सराफ्यातली रबडी घातलेली शिकंजी रात्री अकराला मोठ्या ग्लासाने प्यायली तर मात्र दोष शरीराचा नाही.

वर्षानुवर्षं पित्त आहे, रोज सकाळी पँटोप्राझोल घेतो.

हेलिकोबॅक्टर पायलोरी एकदा तपासून घ्या. जठरातल्या या जिवाणूने अल्सर होतात हे दाखवल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. शौचातली अँटिजन टेस्ट किंवा युरिया ब्रेथ टेस्ट, यातली कुठलीही चालेल. पण ती गोळी दोन आठवडे बंद ठेवून, आणि अँटिबायोटिक चार आठवडे. नाहीतर जिवाणू असूनही रिपोर्ट कोरा येतो. गोळी थांबवायची ती डॉक्टरांना विचारूनच. रक्तातली प्रतिद्रव्यांची टेस्ट घेऊ नका, जिवाणू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते.

रिपोर्टमध्ये ‘प्रीवोटेला जास्त’ असं लाल रंगात आलंय. घाबरायचं का?

हा प्रश्न माझ्या खास जिव्हाळ्याचा, कारण यात पूर्ण गोष्ट दडली आहे.

प्रीवोटेला हे धान्य, डाळी, भाज्यांतल्या तंतूंवर जगणारं कुळ. मांसाहार आणि चरबी जास्त असलेल्या पाश्चात्त्य आहारात त्याच्या जागी बॅक्टेरॉइड्स या दुसऱ्या कुळाचं राज्य असतं. भोपाळच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ११० निरोगी भारतीयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले नमुने मध्य प्रदेशातले आणि केरळातले होते. आपल्या भागातल्या, मुख्यतः शाकाहारी लोकांत प्रीवोटेलाच ठळकपणे पुढे होतं. म्हणजे इंदूरहून चार तासांच्या रस्त्यावर, आपल्यासारखंच जेवणाऱ्या धडधाकट लोकांचं हे चित्र आहे.

मग लाल रंग कशाला? एक कारण तुलनेचा गट. काही कंपन्या परदेशी लोकांच्या आकड्यांशी तुलना करतात, काही स्वतःच्या ग्राहकांशी. आणि पैसे देऊन पोटाची टेस्ट करणारे ग्राहक निरोगी असतीलच असं कोण म्हणेल? दुसरं कारण, २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नव्याने संधिवात झालेल्या रुग्णांत प्रीवोटेला कोप्री ही प्रजाती जास्त सापडली होती. तेव्हापासून तिच्या नावापुढे खूण लागली ती लागलीच. पुढे २०१९ मध्ये कळलं की कोप्री ही एकच गोष्ट नाही. तिच्या चार वेगळ्या शाखा आहेत, आणि पाश्चात्त्य जीवनशैलीपासून दूर असलेल्या समाजांत त्या सर्रास एकत्र नांदतात. तुमच्या रिपोर्टला या शाखा वेगळ्या करता येत नसतात, आणि आल्या तरी त्यावरून तुमच्या सांध्यांचं भविष्य सांगता येत नाही.

सांधे दुखत नाहीत, सुजत नाहीत, पोळी-वरण-भाजी खाता? मग त्या लाल रंगावर वेळ घालवू नका.

फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडीट्सचं गुणोत्तर बिघडलंय म्हणे, म्हणून वजन वाढतंय.

हे आतड्यातल्या जिवाणूंचे दोन मोठे गट. उंदरांवरच्या प्रयोगांतून आणि सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांतून ही कल्पना आली. पुढच्या अभ्यासांत माणसांत ती टिकली नाही. वर सांगितलेल्या तज्ज्ञगटाने हे गुणोत्तर रिपोर्टमध्ये छापूच नये, असं म्हटलं आहे.

आणि विविधतेचा स्कोअर? माझा कमी आहे.

शॅनन इंडेक्स नावाने येतो तो. किती प्रकारचे जिवाणू आहेत आणि ते किती समप्रमाणात आहेत, याचा तो हिशोब. समाजाच्या पातळीवर जास्त विविधता बरी मानतात. एका माणसाच्या एका नमुन्यावरून मात्र जपून बोलावं, कारण शौच घट्ट असेल, म्हणजे आतड्यातून हळू सरकत असेल, तर विविधता जास्त दिसते. बद्धकोष्ठाचा माणूस या परीक्षेत चांगल्या मार्कांनी पास होतो! त्याच आठवड्यात जुलाब झालेला नापास.

आणखी एक खोच. रिपोर्टमधले आकडे टक्केवारीत असतात. एका कुळाचा वाटा वाढला की दुसऱ्यांचा आपोआप घटतो, त्यांची खरी संख्या तेवढीच राहिली तरीही. ‘अमुक जिवाणू निम्म्यावर आला’ हे वाक्य म्हणूनच अर्धसत्य असतं.

ब्युटिरेट कमी, झोन्युलिन जास्त: याचा अर्थ ‘लीकी गट’ ना?

ब्युटिरेट हे तंतू आंबवून जिवाणूंनी केलेलं आम्ल, मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन. ते महत्त्वाचं आहे यात शंका नाही. पण अशी आम्लं आतडं ९० टक्क्यांहून जास्त शोषून घेतं. शौचात मोजतो ते उरलंसुरलं. कमी आलं म्हणजे कमी तयार झालं की चांगलं शोषलं गेलं, हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

झोन्युलिन हे आतड्याची भिंत किती घट्ट राहते यावर परिणाम करणारं प्रथिन; ते वाढलं म्हणजे भिंत झिरपते, म्हणजेच ‘लीकी गट’, असा दावा असतो. त्याचं तर याहून वाईट. बाजारातली किट जे मोजतात ते झोन्युलिन नसून दुसरीच प्रथिनं आहेत, असं तपासात आढळलं आहे. हे वाक्य दोनदा वाचा आणि पुढच्या वेळी कुणी पॅकेजमध्ये ही टेस्ट दाखवली की आठवा.

अन्नाच्या ॲलर्जीची मोठी यादी आली आहे: दूध, गहू, तूर, शेंगदाणा, सगळंच बंद!

ती आयजीजी टेस्ट असणार. आयजीजी प्रतिद्रव्यं तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतात. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्येच ही टेस्ट निदानासाठी वापरू नये असं सांगितलं. रोज तुरीचं वरण खाणाऱ्याला तूर दिसणारच. या यादीपायी वाढत्या वयाच्या मुलांचं दूध-डाळ बंद केलेली घरं पाहिली आहेत. प्रथिनं आणि कॅल्शियम कुठून येणार याचा विचार त्या रिपोर्टमध्ये कुठेच नसतो.

८०-१०० टेस्टचं ‘फंक्शनल हेल्थ’ पॅकेज स्वस्तात मिळतंय. घेऊ?

एक हिशोब करा. कुठल्याही टेस्टची नॉर्मल रेंज अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्यात बसावेत. म्हणजे पाच टक्के निरोगी लोक बाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा ‘ॲबनॉर्मल’ येण्याची शक्यता ६४ टक्के होते, ८० टेस्टला ९८ टक्के. मग त्या एका आकड्यासाठी पुन्हा टेस्ट, पुन्हा डॉक्टर, रात्रीची झोप गेली. स्वस्त पॅकेज नंतर महाग पडतं ते असं.

त्यातली व्हिटॅमिन बी-१२ची टेस्ट मात्र शाकाहारी घरात कामाची आहे, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांसाठी आणखीच. ती एकटी करून घ्या.

‘अमीबा आहे’ असा रिपोर्ट दर वर्षी येतो आणि दर वर्षी मेट्रोनिडाझोलचा कोर्स होतो.

सूक्ष्मदर्शकाखाली त्रास देणारा एन्टअमीबा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार यांच्या सिस्ट (कवचातली अवस्था) सारख्याच दिसतात. त्रास काही नाही आणि सिस्ट दिसल्या, एवढ्यावर वारंवार कोर्स घेण्याआधी अँटिजन किंवा पीसीआर तपासणीबद्दल विचारा. अँटिबायोटिकने आतड्यातलं बाकीचं कुटुंबही हलतं, हे विसरू नका.

प्रोबायोटिक घेऊ का?

बहुतेक पोटाच्या तक्रारींसाठी अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात त्यांची शिफारस केलेली नाही. अपवाद मोजके आहेत. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या २०१८ च्या प्रयोगात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. डॉक्टरांनी एखाद्या कारणासाठी ठरावीक दिवस दिलं असेल तर घ्या. महिनोन्महिने ‘चांगलं असतं’ म्हणून नको.

मग खायचं काय?

स्टॅनफर्डमध्ये २०२१ मध्ये ३६ जणांवर एक छोटा पण नेटका प्रयोग झाला. दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांची जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातले सुजेचे अनेक निर्देशक उतरले. आपल्याकडे घरचं विरजण आणि ताक आहेच. इडली-ढोकळ्यात मात्र वाफेने जिवाणू मरतात, पचायला हलकं होतं तेवढाच फायदा. कढीचंही तेच.

दुसरी गोष्ट, ताटातली विविधता. २०१८ च्या एका मोठ्या लोकसहभागी प्रकल्पात आठवड्याला तीसहून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांचे जिवाणू जास्त विविध निघाले. तीस ऐकून दचकू नका. भाजणीच्या थालीपिठात सहा-सात धान्यं-डाळी सहज असतात, ऋषीच्या भाजीत त्याहून जास्त भाज्या. मेतकूट, तिळाची चटणी, जवसाची चटणी, सगळं मोजायचं. सकाळच्या पोह्यांत मटार-मोड घाला आणि वरची शेव मुठीची चिमटीवर आणा. (शेव पूर्ण बंद करा असं इंदुरात सांगण्याची माझी हिंमत नाही.)

तंतू एकदम वाढवले तर गॅस होतो, हळूहळू वाढवा. ज्यांना आधीच गॅसचा त्रास आहे त्यांना इसबगोल बरा, कारण तो आतड्यात फारसा आंबत नाही. पाणी मात्र सोबत भरपूर.

नमुना घरी नीट कसा घ्यायचा? आमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास आहे.

आधी लघवी करून घ्या. भांड्यावर पसरट, कोरडं, स्वच्छ प्लास्टिकचं ताट किंवा जाड कागद ठेवा, त्यावर शौच झाल्यावर डबीच्या झाकणाला असलेल्या चमच्याने घ्या. पाणी किंवा लघवी मिसळली की नमुना फुकट. जिवाणूंच्या टेस्टसाठी द्रव घातलेली नळी येते, तिच्यात खुणेपर्यंतच भरा आणि नीट हलवा. इतर तपासण्यांची डबी त्याच दिवशी लॅबला पोचवा. मे महिन्यात ती स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहू देऊ नका. स्वादुपिंडासाठीची इलास्टेस टेस्ट असेल तर पाण्यासारखे जुलाब चालू असताना नमुना देऊ नका, पातळ झाल्यामुळे आकडा खोटा कमी येतो. पाळीच्या दिवसांत रक्त शोधणारी टेस्टही टाळा.

लॅब कोणती चांगली?

नाव सांगणार नाही. एनएबीएलची (लॅबच्या दर्जाची तपासणी करून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का विचारा, आणि त्याहून महत्त्वाचं, तुम्ही करणार ती टेस्ट त्या मान्यतेच्या यादीत आहे का ते विचारा. मान्यता लॅबला सरसकट मिळत नाही, टेस्टनुसार मिळते. मायक्रोबायोमच्या बाबतीत वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे निकाल जुळवण्यासाठी लागणारा प्रमाण-नमुना अमेरिकेच्या निस्ट या मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, उपलब्ध केला. त्यामुळे दोन कंपन्यांचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून प्रगती मोजायला जाऊ नका.

संमतीच्या फॉर्मवर तुमचा डीएनए डेटा संशोधनासाठी किंवा तिसऱ्या कंपनीला देण्याची चौकट आधीच टिक केलेली असेल, तर ती काढून टाका.

लहान मुलांची करावी का?

नाही. साधारण तीन वर्षांपर्यंत त्यांचे जिवाणू बदलतच असतात, आणि पुढेही त्या रिपोर्टवरून मुलासाठी वेगळं काही करायचं नसतं.

कोणत्या लक्षणांत टेस्टच्या मागे न लागता थेट डॉक्टर गाठायचा?

शौचात रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच, प्रयत्न न करता उतरलेलं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, कारण न कळलेला ॲनिमिया, रेंगाळलेला ताप, पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली शौचाची सवय, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास. इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलची ओपीडी असो की तुमचे नेहमीचे डॉक्टर, जाताना औषधांची पूर्ण यादी न्या, त्यात बाजारातून स्वतः आणलेल्या चूर्ण-गोळ्याही लिहा. जाडजूड फाइल न्यायची असेल तर न्या, पण आधी तक्रार सांगा: कधीपासून, काय खाल्ल्यावर, दिवसातून किती वेळा.